विहीणबाईंच्या गॅरेजातला टोमॅटो

सॉसमध्ये गूळ चालत नाही, हे मला सत्तरीला टेकल्यावर कळलं, आणि तेही मुलीच्या सासूकडून. आमच्याकडे आंबट दिसलं की हात गुळाच्या डब्याकडे जातो, डोक्याला विचारत नाही. चिंच आली, गूळ आला. कोकम आलं, गूळ आला. टोमॅटोचं सार केलं तरी चिमूटभर साखर लागतेच. त्यामुळे इटालियन लोकांचा सॉस शिकायचा म्हटल्यावर मला वाटलं, त्यात काय एवढं? लाल रस, आटवायचा, गुळाचा खडा टाकायचा, झालं.

पण मी सॉस शिकायला का निघाले, ते आधी सांगते. हौस म्हणून नव्हे.

मेलबर्नला टार्निटमध्ये माझ्या मुलीचं घर आहे. जावई इथेच जन्मलेला, त्याचे आईवडील इटलीहून आलेले. नात झाली तेव्हा मुलगी फोनवर रडली होती. "आई, एवढ्याशा जिवाला चाइल्डकेअरला टाकवत नाही गं. तू ये." मी आले. फिरायला नाही आले, राहायला आले. ठाण्याचं बिऱ्हाड मोडलं. पातेली, परातीसुद्धा शेजारणीला देऊन टाकल्या, म्हटलं आता कोणाला घालायचंय जेवायला तिथे? मुलीच्या घरात वर तीन खोल्या आणि खाली एक. माझे गुडघे धड नाहीत, म्हणून खालची मला. खिडकीतून समोरच्यांच्या गॅरेजचं दार दिसायचं, बाकी झाड ना पान. पण एका कोनाड्यात माझे देव होते, उशाशी माझा रेडिओ होता, आणि दार लोटून घेतलं की ते माझं घर होतं.

नात शाळेत जायला लागली आणि माझं काम संपलं. असं कोणी बोललं नाही हो. पण कळतं ना. सकाळी सगळे गेले की घरात मी आणि डिशवॉशर, आणि तोही माझ्यापेक्षा जास्त कामाचा. नातीला माझ्या हातचं नको असायचं. वरणभात पुढे केला की म्हणायची, "आजी, इट्स टू यलो." तिला लाल पास्ता हवा. तोही नोनाचा. नोना म्हणजे तिची दुसरी आजी, माझ्या विहीणबाई.

तशात मुलीचे सासरेबुवा वारले आणि विहीणबाई एकट्या पडल्या. हिवाळ्यात त्या मागच्या पायरीवरून घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, हातात काठी आली. तेव्हापासून रविवारी जावई फोनवर बराच वेळ बोलायचा, आणि बोलताना माझ्या खोलीच्या दाराकडे बघायचा. मी म्हातारी असेन, आंधळी नव्हते. खाली खोली एकच, जिना चढता न येणाऱ्या बायका दोन.

म्हणून मुलगी जेव्हा म्हणाली, "आई, या वर्षी सॉस डेला तू पण चल ना. मम्मांना एकटीला होणार नाही, आणि तू शिकून घेतलंस तर बरंच होईल," तेव्हा मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! मी अर्थ असा लावला की विहीणबाईंनंतर हा सॉस घरात कोणी करायचा, तर मी. म्हणजे मी राहणार. माझी खोली राहणार. मी लगेच इंडियन दुकानातून चांगला कोल्हापुरी गूळ आणला आणि डबीत भरून पिशवीत टाकला.

सॉस डे म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी पापड-कुरडया घालतात ना, तसलाच प्रकार. फक्त इथला उन्हाळा फेब्रुवारीत. पेट्यांच्या पेट्या टोमॅटो आणतात, घरचे सगळे जमतात, वर्षभराचा रस काढून बाटल्यांत भरून ठेवतात. विहीणबाईंचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या वस्तीत. पुढे लिंबाचं झाड, मागे भाजीचे वाफे, आणि गॅरेजमध्ये गाडी कधीच नाही, नुसती बाटल्यांची फडताळं, गॅसची मोठी शेगडी आणि टोमॅटो दळायचं मशीन.

माझी आई मुलीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायची नाही. नातू होईपर्यंत नाहीच. मी तर मुलीच्या घरात राहतच होते, तेव्हा विहीणबाईंपुढे मी मुळात अर्धी वाकलेली. गंमत अशी की वरमाय हा शब्द त्या बाईच्या कानावरही कधी पडला नसेल, पण थाट नखशिखांत वरमायचा. अंगात काळं स्वेटर, फेब्रुवारीच्या उकाड्यातसुद्धा. खुर्ची गॅरेजच्या मधोमध. काठीने दाखवायच्या, "यू, सिट. नॉट देअर. देअर." मी आपली बसले देअर. पहिल्या भेटीतच त्यांनी सांगितलं होतं, मला नावाने हाक मार. पण विहिणीला नावाने कशी हाक मारणार? जीभच वळेना. मग मी विहीणबाई म्हणायची, आणि त्यांना ते आवडायचं. "वीनीबाई," त्या स्वतःशीच म्हणून बघायच्या आणि हसायच्या. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, म्हणून आमचं जमायचं. अस्खलित बोलणाऱ्यांपुढे दोघीही गप्प.

टोमॅटो धुवायचे, देठाकडचा कठीण भाग आणि डागाळलेलं काढायचं, चिरून मशीनमध्ये टाकायचे. एका बाजूने रस, दुसऱ्या बाजूने साली-बियांचा चोथा. तो चोथा पुन्हा मशीनमधून काढायचा, कारण दाट रस त्यातच अडकलेला असतो. मुलगी बाहेर नळावर बाटल्या धूत होती, जावई मशीन फिरवत होता, नात प्रत्येक बाटलीत तुळशीसारखं एक बेसिलचं पान टाकत होती. "आजी, ओन्ली वन लीफ!" मला दम देत होती.

रस बाटल्यांत भरताना मी बोट लावून बघितलं नाही, नुसता वास घेतला. आंबट होता. त्या उन्हाळ्यात पाऊस फार झाला होता, टोमॅटोला ऊन कमी पडलेलं. मी डबी काढली. विहीणबाईंची काठी आडवी आली.

"वॉट इज?"

"गूळ. लाइक शुगर. सावर टोमॅटो."

"इन द बॉटल? नो!" मग त्यांनी मला हातवारे करून, पोटावर हात मारून, मान टाकून दाखवलं की बाटलीतला आंबटपणा कमी करायचा नसतो. आंबट आहे म्हणून ते वर्षभर टिकतं. ते काढलं की आत विष होतं आणि माणूस मरतो. उलट त्या प्रत्येक बाटलीत लिंबू पिळत होत्या. मला पटलं. आपलं लोणचंही त्यामुळेच टिकतं की. आंबट मारायचं ते नंतर, बाटली फोडून सॉस करताना, जेवणाऱ्यांसाठी.

त्या दिवशीच्या जेवणाचा सॉस ताज्या रसाचा करायचा होता. विहीणबाईंनी स्टीलचं जाड बुडाचं पातेलं काढायला लावलं. ॲल्युमिनियमचं मी हातात घेतलं तर ओरडल्या. हे मात्र मला सांगावं लागत नव्हतं, कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात आंबट घातलं की कळकतं, हे माहीत असलेली मी बाई. तेल सढळ हाताने. कांदा अगदी बारीक आणि आच इतकी मंद की तो लाल न होता विरघळला पाहिजे. मग रस. मग एक अख्खं गाजर, सोलून, न चिरता, त्यात सोडून द्यायचं. "कॅरट ईट द सावर," विहीणबाई म्हणाल्या. शेवटी ते काढून घ्यायचं. मी विचारलं, "शुगर?" त्या म्हणाल्या, "लिटल, लिटल, बॅड यिअर ओन्ली. शुगर नो टेक अवे. शुगर हाइड. टुमारो सावर कम बॅक." आणि खायचा सोडा? त्याचं तर नावच काढू नको. सोड्याने आंबटाबरोबर टोमॅटोही मरतो, मग राहतं नुसतं लाल पाणी.

इथवर सगळं छान चाललं होतं. पंचाईत झाली ती चमच्यापाशी. आम्ही स्वयंपाक करताना चाखत नाही. देवाला दाखवायच्या आधी उष्टं कसं करणार? मीठसुद्धा मी वासावर ओळखते, आयुष्यात कधी आमटी खारट झाली नाही. विहीणबाईंनी लाकडी चमचा पातेल्यात बुडवला, चाखला, पुन्हा पातेल्यात बुडवला आणि माझ्या तोंडापाशी आणला.

"टेस्ट."

"आय स्मेल," मी म्हटलं.

"स्मेल! यू आर अ डॉग?" हसून त्यांना ठसका लागला. "टेस्ट, वीनीबाई. टोमॅटो एव्हरी डे डिफरंट. यू नो टेस्ट, यू डोन्ट नो नथिंग."

मी डोळे मिटून चाखलं. विहिणीचं उष्टं, देवा. आंबट होतं, जिभेच्या कडेला टोचत होतं. थोड्या वेळाने पुन्हा चाखायला लावलं, तेव्हा टोक जरा गेलं होतं. तिसऱ्यांदा तर मी आपणहून चमचा घेतला. मला मजा यायला लागली होती. मनात म्हटलं, हे आता मला येणार. नात माझ्या हातचं खाणार.

आम्ही दोघी पातेल्यापाशी बसलो होतो. बाकीचे मागच्या अंगणात, भरलेल्या बाटल्या उकळायच्या पिंपाखाली जाळ लावत होते. विहीणबाईंनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि म्हणाल्या, "सो. यू गो टू युअर सन. सिडनी."

मला वाटलं, विचारतायत. म्हटलं, "ख्रिसमस गो. टू वीक."

"नो, नो. टू लिव." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी साधेपणाने, जसं काही मला ठाऊकच आहे. माझी मुलगी त्यांना म्हणाली होती, आईला मुलाची फार आठवण येते, तिला आता मुलाकडेच राहायचंय, ती स्वतःच मागे लागलीय. त्यामुळे खालची खोली रिकामीच होतेय. तर मम्मा, तुम्ही या.

माझ्या हातात चमचा होता. त्यातून सॉस ठिबकत होता, शेगडीवर चर्र चर्र वाजत होतं.

मुलाची आठवण! मुलगा सिडनीत ब्लॅकटाउनला असतो. चांगला आहे, फोन करतो. पण त्याच्याकडे जायचं आहे असं मी स्वप्नातही म्हटलेलं नव्हतं. त्याच्या युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, दोन खोल्या, दोघं नवराबायको शिफ्टवर, आणि मी तिथे हॉलमध्ये. हे मुलीला माहीत होतं. तिने मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. आधी खोली देऊन टाकली, मग माझ्या तोंडी वाक्य घातलं, आणि मला सांगायचं तेवढं राहून गेलं.

विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या. बाईची नजर तिखट. त्या पुढे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "यू वाँट? ट्रू?"

आता बघा. त्या वेळी मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. त्या बाईने ओळखलं होतं, दार उघडून धरलं होतं माझ्यासाठी. पण नाही म्हणायचं म्हणजे काय? माझी मुलगी तुमच्याशी खोटं बोलली, हे तिच्या सासूला सांगायचं. विहिणीपुढे पोटच्या पोरीला उघडं पाडायचं. आमच्यात मुलीची आई जीव देईल, पण हे करणार नाही. मी हसले. चांगली तोंड भरून हसले.

"ट्रू," मी म्हटलं. "सन कॉलिंग, कॉलिंग. आय वाँट."

विहीणबाईंनी माझ्या हातातला चमचा घेतला. "ओके," म्हणाल्या. मग सॉस चाखून बघितला आणि गाजर काढून टाकलं.

जेवायला अंगणात लांब टेबल मांडलं होतं. पास्ता वाढल्यावर विहीणबाईंनी काट्याने ग्लास वाजवला आणि सगळ्यांना सांगितलं की माझी वीनीबाई मला आज म्हणाली, ती मुलाकडे चाललीय, खूप आनंदात आहे, आणि हा सॉस तिने केलाय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जावई उठून माझ्या गालाला गाल लावून गेला. मी मुलीकडे बघितलं. ती आधी पांढरी पडली, मग तिने मोठा श्वास सोडला. परीक्षेचा निकाल लागल्यावर सोडायची ना, अगदी तसा. नातीने दोनदा मागून घेतलं. "नोना, युअर पास्ता इज द बेस्ट," असं म्हणाली, आणि कोणी तिला दुरुस्त केलं नाही. मीही नाही.

परतताना जावई गाडी चालवत होता, नात झोपली होती. जावयाला मराठी येत नाही, त्यामुळे त्याच्यादेखत काहीही बोलता येतं.

"आई," मुलगी पुढच्या सीटवरून मागे न बघता म्हणाली, "तू मम्मांना सांगितलंस?"

"मी काय सांगणार? तूच सांगितलेलं."

"मी बोलणार होते तुझ्याशी. खरंच. चांगला मूड बघून बोलणार होते."

"बरा मूड होता की माझा. टोमॅटो चिरत होते."

"टॉन्ट मारू नकोस ना. काय करू मी? त्यांना मी कशी सांगणार, की तुम्ही दुसरीकडे बघा? किती वाईट दिसतं ते. ह्याला काय वाटेल? तुला सांगता येतं. तू समजून घेतेस."

"हो. मी समजून घेते."

"थोडे दिवस गं. मग बघू आपण काहीतरी. आणि दादाला पण वाटतंच ना, आई आपल्याकडे यावी."

"असं तो म्हणाला?"

जावयाने आरशातून बघितलं. "ऑल गुड, लेडीज?"

"ऑल गुड," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

ईस्टरच्या आत मी ब्लॅकटाउनला आले. मुलगा न्यायला आला होता, सून भली आहे, तक्रार करावी असं काहीच नाही. हॉलमधला सोफा उघडला की पलंग होतो. सकाळी कोणी उठायच्या आत मी तो मिटून ठेवते, म्हणजे हॉल पुन्हा हॉल दिसतो. देव फ्रीजच्या वर आहेत, रेडिओ कानात लावून ऐकते. बाजार जवळ आहे. टोमॅटो चांगले मिळाले की सॉस करते. सून त्यात लाल तिखट घालून पोळीबरोबर खाते आणि म्हणते, मस्त चटणी झालीय आई.

मध्यंतरी मुलीचा फोन आला. तिच्या सॉसला आंबट चव येत होती आणि साखर घालून घालून तो आता गोडही लागत होता, आंबटही. मी म्हटलं, कांदा घाईघाईत परतलास असशील. आणि गाजर? गाजर तिने किसून घातलं होतं. मी म्हटलं, "किसून नाही गं, अख्खं. आणि सासूबाईंना का नाही विचारत? घरात आहेत ना."

"कुठे? त्या आल्याच नाहीत. तुला बोलले नाही का मी? त्यांनी सरळ सांगितलं, मी माझ्या घरातून हलणार नाही. एकदा नाही म्हणजे नाहीच त्यांचं. ह्याने किती समजावलं. शेवटी मागच्या पायरीला रेलिंग लावून दिलं, आता एक बाई येते मदतीला."

"मग खोली?"

"कुठली?"

"खालची."

"अगं तिथूनच तर बोलतेय. ऑफिस केलंय. आम्हा दोघांनाही घरून काम असतं ना, मग ह्याने दोन डेस्क बसवले. एकदम शांत आहे इथे, रस्त्याचा आवाजच नाही."

मला माहीत होतं तिथे आवाज येत नाही.

"तू बरी आहेस ना तिथे?" ती म्हणाली. मागे तिच्या कॉम्प्युटरवर काहीतरी टिंग टिंग वाजत होतं. "आवडतंय ना दादाकडे?"

मी या वेळी म्हटलं. फ्रीजला टेकून, स्पष्ट म्हटलं, "नाही. नाही आवडत."

"हॅलो? आई? हॅलो, तुझा आवाज तुटतोय गं. काय म्हणालीस?"

खरंच तुटला असेल. इथे फोनला रेंज नसतेच धड, मुलगाही बाल्कनीत जाऊन बोलतो. पुन्हा म्हणायला किती वेळ लागणार होता मला, तीन शब्द तर होते.

"काही नाही," मी म्हटलं. "आच मंद ठेव म्हटलं. आणि चाखत जा."